बासच्या मानेतली सळई

भादव्यावर माझा विश्वास नाही. आषाढाचं एक बरं असतं, तो उघड शत्रू आहे. येतो, झोडपतो, गटारं तुंबवतो, आणि आपणही छत्री घेऊनच घराबाहेर पडतो. भादवा तसा नाही. सकाळी असं लख्ख ऊन दाखवतो की बायका गोधड्या गच्चीवर नेऊन घालतात, आणि दुपारी ताटं वाढून होतात न होतात तोच कुठूनसा एक ढग येऊन सगळ्या गोधड्या भिजवून जातो. मग परत ऊन. जमिनीतून वाफ निघते, शर्ट अंगाला चिकटतो, बरणीतलं मीठ पाझरतं, न्हाणीघराचं दार चौकटीत अडकून बसतं. वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात तर ह्या दिवसांत लाकडाच्या कुठल्याच वस्तूवर भरवसा ठेवू नये.

म्हणून गणपती गेले की मी आधी माझी बास गिटार केसमधून बाहेर काढतो. खिडकीशी नेतो, एक डोळा मिटतो आणि तिच्या मानेवरून नजर लांब सोडतो. बासची मान चांगली हातभर लांब असते. तिच्यावरच्या चार जाड तारा तिला सतत पुढे ओढत असतात. म्हणून मानेच्या लाकडात एक पोलादी सळई लपवलेली असते, ती मागे ओढून धरते. सळईच्या टोकाला एक नट, नटाच्या डोक्यात सहा कोनांचं भोक. त्यात बरोबर त्याच मापाची एलन की घालायची आणि पाव आटा फिरवायचा. घट्ट केलं की मान मागे येते, सैल केलं की पुढे जाते. एवढंच काम. फक्त पाव आटा फिरवला की लाकडाला एक दिवस द्यावा लागतो. लाकूड लगेच ऐकत नाही.

ह्या वर्षीही बघितलं. मान सरळ दिसली, म्हणून मला संशय आला आणि मी दुसऱ्यांदा बघितलं. सरळच होती. तरी तालमीत अधूनमधून एखादा सूर उशिरा का पडतो ते मला कळेना. मी तारांवर संशय घेतला, हवेवर घेतला. आणि असं एक डोळा मिटून उभं असतानाच मला तो भादवा आठवला, ज्या भादव्यात मी फिलिपवर संशय घेतला होता.

मी संशयी आहे, हे घरात जाहीर आहे. मुळातच संशयी की नोकरीने झालो, एवढ्यावरच वाद आहे. सुजाता म्हणजे माझी बायको, तिच्या मते मी पाळण्यातसुद्धा दूध हुंगून प्यायलो असणार. माझं म्हणणं, ज्याची उभी नोकरी पतपेढीत सह्या पडताळण्यात गेली तो माणूस दुसरं काय होणार? कार्डावरची सही डावीकडे, चेकवरची उजवीकडे, मधे मी. ह्या कामातली एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. खऱ्या माणसाची सही दरवेळी थोडी चुकते. कधी शेपूट लांब होतं, कधी टिंब भलतीकडे पडतं. खोटी सही मात्र घोटून केलेली असते, स्वच्छ, तंतोतंत. त्यामुळे सही जुळली नाही तर मी माणसाला पुन्हा करायला सांगतो, आणि फारच जुळली तर चष्मा काढून जवळून बघतो.

बाजारातही तेच. पापलेटाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय मी टोपलीला हात लावत नाही. मी वाकलो की पापडीच्या बाजारातली कोळीण शेजारणीला ऐकवते, “आला गो, आता माशाचा जन्मदाखला मागेल.” मी हसतो, पण कल्ले बघतोच.

अशा माणसाचा एक मित्र असतो आणि तो फिलिप असतो, ह्याचं सुजाताला आजही नवल वाटतं. फिलिप वसईतल्याच होळी गावचा. घरामागे वाडी, वाडीत अळू, मेथी, मोगरा आणि कडेने केळीच्या रांगा. कंपनीतली नोकरी लवकर सोडून तो वाडीत रमला. तो गिटार वाजवतो आणि गातो, मी बास वाजवतो, आणि ड्रमवर ग्लेन नावाचा एक विमानतळावर नोकरी करणारा गडी आहे. लग्नं, हळदी, मुंजी, फादरची ज्युबिली, जिथे बोलावतील तिथे आम्ही जातो. कॉलेजात असताना फिलिपने मला पहिल्यांदा बास हातात दिली तेव्हा म्हणाला होता, “हे घे, हे तुझ्यासाठी आहे. मागे उभं राहून सगळ्यांवर नजर ठेवता येते.”

आमच्यात एक रीत पडून गेली आहे. गणपतीत आमचं घर पाहुण्यांनी भरतं, पाय ठेवायला जागा नसते, आणि भाचेमंडळी दिसेल त्या तारेला बोट लावतात. तेव्हा माझी बास होळीला फिलिपकडे जाते. नाताळात त्याच्याकडे गोव्यापासूनचे नातेवाईक येतात. तेव्हा त्याचा मोठा स्पीकर आणि शिसवी खुर्च्या आमच्याकडे उमेळ्याला येतात. सामान जाताना कोणी सांगत नाही सांभाळ म्हणून, आणि येताना कोणी उलटसुलट करून बघत नाही. खिडकीशी मी मान बघतो तो संशय भादव्यावरचा, फिलिपवरचा नव्हे. आख्ख्या जगात मी तपासल्याशिवाय घेत असेन तर तेवढंच.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी झाली आणि फिलिप बास घेऊन आला. एरवी तो रिक्षातूनच ओरडतो, “विजू, घे रे तुझं बाळ.” त्या दिवशी तो वर आला, बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “मानेतला नट गेलाय रे. माझ्याकडून झालं. मान वाकल्यासारखी वाटली म्हणून मी फिरवला, चुकीची की घातली, कोन खाल्ले गेले. मी करून देतो.”

मी केस उघडली. मान मागे ताणून अशी झाली होती की तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर झोपल्या होत्या. तार छेडली तर डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज यायचा. नटाच्या भोकाचे सहाही कोन झिजून गोल झाले होते, घातलेली की आत नुसतीच फिरत होती. मी मान डोलावली, “होतं रे,” म्हणालो, आणि तो जिना उतरेपर्यंत हसरा चेहरा टिकवून धरला. तो गेल्यावर सुजाता म्हणाली, “झालं. चष्मा काढलात तुम्ही.”

काढला होता. कारण फिलिपची कबुली फार स्वच्छ होती. काय झालं, का झालं, कसं झालं, पुढे काय, सगळं ओळीत. ज्याच्या हातून खरोखर काही मोडतं तो माणूस आधी हवेला दोष देतो, मग तुम्हाला देतो, आणि सरतेशेवटी ‘अगदी हलकेच फिरवला रे’ असं काहीतरी पुटपुटतो. शिवाय एकदा चुकीची की घालून नटाचे असे तीन तेरा वाजत नाहीत. तो रोज कोणीतरी थोडाथोडा खाल्ला होता. आणि फिलिप? स्वतःच्या गिटारचा नट फिरवताना हा माणूस श्वास रोखून धरतो. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझं अनुमान तयार व्हायला वेळ लागला नाही. गणपतीचे दिवस, गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा. कोणातरी वादकाला बास हवी असणार आणि फिलिपने भिडेखातर माझी दिली असणार. त्याने ती धसमुसळेपणाने वापरली, आणि आता हा पांघरूण घालतोय. बास दिली ह्याचं मला तितकंसं काही नव्हतं. पण मला न विचारता दिली, आणि वर माझ्या घरात बसून खोटं बोलला, हे मला लागलं. नट कुठूनही मिळाला असता. पण ज्याच्याकडून येणारं सामान मी उघडूनही बघत नाही असा माणूस माझ्याकडे एकच होता, आणि तो माझ्या हातून निसटत होता. मला त्या दिवसांत नीट झोप लागली नाही. पतपेढीतही मी एका बिचाऱ्या पेन्शनवाल्याला पुन्हा पुन्हा सही करायला लावली.

मग मला तो डाग दिसला. बासच्या डोक्यापाशी नट झाकणारी एक छोटी पांढरी पट्टी असते. तिच्यावर अंगठ्याएवढा तपकिरी-काळा डाग होता. दुसऱ्या कोणाला तो ग्रीस वाटला असता. मी वाडीवाल्याच्या घरात वाढलो आहे. तो केळीचा चीक होता. केळीचा चीक पाण्यासारखा असतो, अंगावर उडताना कळतही नाही, आणि वाळला की असा बसतो की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. म्हणून वाडीवाल्यांच्या घरी कपडे दोन प्रकारचे, डागाचे आणि बाहेरचे. फिलिपच्या वाडीत केळी आहेत हे खरं, पण तो गिटारला हात लावण्याआधी हातांना तेल चोळून साबणाने धुतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. म्हणजे हा अंगठा तिसऱ्याच कोणाचा होता. वसईत बास वाजवणारा आणि वाडी असलेला माणूस कोण, ह्याची मी मनात उजळणी सुरू केली. एकदोघांकडे तर मी लग्नातल्या पंक्तीत बसल्या बसल्या त्यांच्या अंगठ्यांकडे बघत राहिलो.

आमची स्वतःची वाडी तेव्हा राहिली नव्हती. ती अप्पांची, माझ्या वडिलांची. पानवेली, मोगरा आणि राजेळी केळी. त्या केळ्यांची सुकेळी करायला आई उन्हात मांडव घालून बसायची आणि आम्ही माश्या हाकायच्या निमित्ताने एकेक तोंडात टाकायचो. आजूबाजूच्या वाड्या गेल्या, विहिरीचं पाणी मचूळ झालं, भावकीने आपापले हिस्से बिल्डरला दिले, आणि अप्पांनीही दिला. आता आमचा फ्लॅट त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर आहे. अप्पा राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी बेडरूमच्या फरशीकडे बघून म्हणाले होते, “इथे खाली कुठेतरी राजेळीची रांग.” नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ते फारसं काहीच बोलत नसत. सकाळी उठायचे, चहा घ्यायचे, “कट्ट्यावर जाऊन येतो,” म्हणायचे आणि जेवायच्या वेळी परत यायचे.

त्यांच्या कट्ट्याबद्दलही मला संशय होताच. स्टेशनाजवळच्या कट्ट्यावर बसणाऱ्याच्या चपलेला एवढी ओली माती कुठून लागते? पण बाप माणूस, विचारणार कसं? शिवाय त्या दिवसांत माझा सगळा संशय फिलिपच्या वाट्याला गेला होता, अप्पांसाठी उरला नव्हता.

एका सकाळी सुजाता मशीनमधून कपडे काढता काढता वैतागली. “अहो, अप्पांच्या सदऱ्यांना हे डाग कुठले? साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. आपल्याकडे केळीचं एक रोप नाही, आणि ह्यांचा एकूणएक सदरा केळीचा.”

मी सदरा हातात घेतला. खूप वेळ घेऊन उभा राहिलो. मग पतपेढीत फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं आणि होळीची बस धरली.

फिलिपच्या कुंपणाशी तगरीची दाट रांग आहे, तिथून वाडी दिसते. रात्रीच्या सरीने पानं धुऊन निघाली होती आणि वर कडक ऊन पडलं होतं. केळी घडांनी लवल्या होत्या. भादव्यात केळीचं असंच असतं, घड भरतो, माती भिजून लोण्यासारखी होते, आणि जराशा वाऱ्याने आख्खी केळ आडवी होते. म्हणून तिला एका बाजूने बांबूचा टेकू देतात आणि दुसऱ्या बाजूने सुंभाचा ताण. अप्पा तिथे उभे होते. अंगात डागाचा सदरा, धोतर वर खोचलेलं. फिलिप बांबू धरून उभा होता आणि अप्पा त्याच्यावर ओरडत होते.

“अरे असा नाही! वारा कुठून येतो ते बघ आधी. तू माणसाला टेकू देतोयस की केळीला?”

“हो अप्पा.”

“हो अप्पा काय? रोज बघायला लागतं. आज दिला ताण उद्या ढिला होतो, माती सोडते त्याला. रोज जरासा ओढायचा. रोज.”

कितीतरी वर्षांत मी अप्पांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. मी कुंपणाच्या अलीकडेच थांबलो. पलीकडे पडवी दिसत होती. गणपतीचे सगळे दिवस माझी बास त्याच पडवीतल्या भिंतीशी उभी असणार, आणि अप्पा घरी निघताना रोज तिच्यासमोरून जात असणार. सळईची गोष्ट त्यांना मीच एकदा सांगितली होती. तारा पुढे ओढतात, सळई मागे ओढते, मान वाकली की नट थोडा आवळायचा. त्यांना ते एका दमात कळलं होतं. “म्हणजे ताणच की,” असं म्हणाले होते. मग भादव्यात त्यांना ती मान वाकलेली दिसली असणार. फिलिपच्या पलंगाच्या जोडणीची की खिडकीत पडलेली असते, ती जवळजवळ बसते पण पुरती बसत नाही. चिकाच्या हाताने त्यांनी रोज जरासा ताण दिला. आयुष्यभर हेच केलं होतं.

आणि फिलिपने ते पाहिलं असणार, पण उशिरा. मला सांगायचं तर अप्पा तिथे येतात हेही सांगावं लागलं असतं. आमच्यात वाडीवाला दुसऱ्याच्या वाडीत कामाला हात लावत नाही. लावला की लोक म्हणतात, अमक्याचा बाप मजुरीला जातो. अप्पा म्हणूनच कट्ट्याचं नाव सांगत होते. फिलिपने अप्पांची लाज राखण्यासाठी नट आपल्या अंगावर घेतला होता.

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फिलिपचा राग आला. माझ्या बापाबद्दल जे मला ठाऊक असायला हवं ते ह्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मी तसाच मागे फिरलो आणि बस पकडून कामावर गेलो. त्या दिवशी मी एकाही सहीला अडवलं नाही.

रविवारी फिलिप नवा नट घेऊन आमच्याकडे आला. टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही बास आडवी ठेवली. तारा ढिल्या केल्या. झिजलेल्या भोकात आता कुठलीच की पकडत नव्हती, म्हणून फिलिपने मापापेक्षा केसभर मोठी की घेतली, तिचं टोक कानशीने घासलं आणि छोट्या हातोडीने हळूहळू आत ठोकली. “धर रे मान,” तो म्हणाला. मी धरली. लाकूड कुरकुरलं. आम्ही दोघांनी श्वास धरला. मग एक बारीक कट् असा आवाज झाला आणि नट हलला. मला वाटलं सळईच तुटली. पण नट फिरत फिरत बाहेर आला, चादरीवर पडला. फिलिपने ब्रशने आटे साफ केले, तेलाचा थेंब सोडला, नवा नट बोटांनीच लावला. त्या सगळ्या वेळात आम्ही एकमेकांशी हवेबद्दल बोलत होतो. ‘कोणी केलं’ हा शब्द दोघांनीही काढला नाही.

अप्पा दिवाणावर बसून बघत होते. त्या सकाळी पाऊस होता म्हणून ते कट्ट्यावर गेले नव्हते.

तारा परत ताणून झाल्यावर फिलिपने बरोबर मापाची की घातली, पाव आटा फिरवला आणि हात काढून घेतला. “आता उद्या बघायचं.”

“थोडं राहिलंय की,” अप्पा म्हणाले. “वाकलेलीच आहे अजून.”

“राहू दे अप्पा. लाकूड आपोआप येतं. घाई केली तर जास्त जातं.”

“आणि रोज दिला ताण तर?”

फिलिप की पुसत राहिला. मी चादरीचं टोक सरळ करत राहिलो. स्वयंपाकघरात सुजाताने नळ बंद केला.

“रोज नाही द्यायचा,” फिलिप हळूच म्हणाला.

अप्पांनी चादरीवरचा जुना नट उचलला. डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या भोकात बघितलं. “हां,” म्हणाले, आणि तो जपून टेबलावर ठेवून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पा कट्ट्यावर गेले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ऊन पडलेलं होतं, तरी ते वर्तमानपत्र घेऊन बसून राहिले, आणि एकच पान बराच वेळ उलटलं जात नव्हतं. सुजाताने विचारलं, “आज बाहेर नाही?” तर म्हणाले, “काय करायचंय? म्हातारा माणूस, कुठे काय मोडून ठेवेन.” मला ते सहन झालं नाही. मी संशयी असेन, पण दगड नाही. तरी मी काय बोलणार होतो? मला ठाऊक आहे, असं म्हटलं असतं तर त्यांना अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

आठवड्याच्या शेवटी फिलिप सकाळीच धापा टाकत वर आला. दारातूनच म्हणाला, “अप्पा, काल रात्री काय वारा होता हो! तीन-चार केळी आडव्या झाल्या, बाकीच्या कलल्यात. मला एकट्याला कळत नाही ताण कुठून द्यायचा. येऊन नुसतं सांगाल का? हात नका लावू, नुसतं सांगा.”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी फिलिपकडे बघितलं. रात्री मी गच्चीत उभा होतो. पान हलत नव्हतं. होळी काही परदेशात नाही, आमच्याकडे वारा नाही तर तिथे कुठून येणार? इतकी घोटून केलेली सही मी जन्मात पाहिली नव्हती.

“हो ना,” मी म्हणालो. “आमच्याकडेही होता. खिडक्या आपटत होत्या नुसत्या.”

सुजाता माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

अप्पा उठले. “कोणत्या बाजूने आला वारा?” त्यांनी फिलिपला विचारलं.

फिलिप गडबडला. “खाडीकडून,” तो म्हणाला.

“भादव्यात खाडीकडून?” अप्पांनी नापसंतीने मान हलवली आणि चपला पायात सरकवल्या. “चल, बघू.”

त्यानंतर अप्पा उघडपणे फिलिपच्या वाडीत जायला लागले. लोक काय म्हणायचे ते म्हणाले असतील, आम्हाला कोणी ऐकवलं नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी अप्पा गेले. त्यांना पोहोचवायला फिलिप आला तेव्हा त्याच्या पँटवर केळीचे डाग होते, घाईत तो तसाच निघून आला होता.

त्या भादव्याने माझा संशय बरा झाला, असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. उलट तो वाढला. पूर्वी मला माणसाच्या लबाडीचा संशय यायचा, आता फिलिपच्या चांगुलपणाचा येतो. तो म्हणाला की पोट भरलंय, मला वाटतं भाजी कमी पडली असेल. तो म्हणाला की उशीर माझ्यामुळे झाला, मी ग्लेनकडे बघतो. खोटं बोलणाऱ्या माणसावर डोळे झाकून भरवसा ठेवता येतो, हे मला ह्या वयात शिकावं लागलं, आणि ते काही पुरतं जमलेलं नाही.

परवा फिलिपच्या पडवीत तालीम होती. दिवाळीनंतर एका लग्नात वाजवायचं आहे. सर नुकतीच येऊन गेली होती, पागोळ्या गळत होत्या. एक जलद गाणं आम्ही घेत होतो आणि मधेच ग्लेनने काठ्या थांबवल्या.

“काहीतरी मागे पडतंय,” तो म्हणाला. “मघापासून. कोणीतरी उशिरा येतंय...”

“मी रे,” ग्लेनचं वाक्य पुरं व्हायच्या आत फिलिप म्हणाला. “हात जड झालाय आज. सॉरी.”

ग्लेनने खांदे उडवले. मी फिलिपकडे बघितलं नाही. मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. करंगळीशेजारचं बोट तारेवर पडायला हवं तेव्हा पडत नव्हतं. श्रावणापासून सकाळी ते मुठीत येत नाही, गरम पाण्यात धरावं लागतं. मी तारा बदलल्या होत्या, हवेला शिव्या घातल्या होत्या, मान दोनदा तपासली होती. ह्या बोटावर तेवढा मी संशय घेतला नव्हता.

“पुन्हा घेऊ,” मी म्हणालो. 

“घेऊ की,” फिलिप म्हणाला. त्याने पायाने ठेका धरला आणि आकडे मोजले, आधीपेक्षा जरा सावकाश. ग्लेन काहीतरी बोलणार होता, पण फिलिपने गायला सुरुवात केलीच. त्या लयीत माझं बोट वेळेवर पोहोचत होतं.